सासऱ्यांसाठी बासची काठी

माझ्या लहानपणी मी मासा पाहिला तो काचेच्या पेटीत, आणि तीही शेजाऱ्यांची. आमच्या पुण्याच्या घरात लसूणसुद्धा बेतानेच पडायचा. पुढे लग्न रत्नागिरीच्या मुलीशी झालं आणि मी बांगडा, सुरमई असं चढत्या क्रमाने खायला शिकलो. पण मासा पाण्यातून बाहेर काढणारा कुणीतरी असतो आणि तो कुणीतरी आपण असू शकतो, हा विचार पंचेचाळिशी उलटेपर्यंत मनाला शिवला नव्हता. तो शिवला सासऱ्यांमुळे. त्यात सासऱ्यांचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

सासूबाई गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वर्षश्राद्ध झालं, गणपती झाले आणि बायकोने वडिलांना व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, अल बर्शाला आणलं. तिच्या मनात होतं, आता यांनी इथेच राहावं; व्हिसा पुढे वाढवता येतो, हे मी त्यांना सांगूनही ठेवलं होतं. त्यांच्या मनात होतं, दिवाळी झाली की रत्नागिरीला दोन खोल्यांच्या घरात परत जावं, एकट्याने. यावरून घरात वाद झाला नाही, कारण सासरे वाद घालत नसत. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. "दिवाळी झाली की निघतो," एवढं पहिल्याच दिवशी म्हणाले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखे गप्प झाले.

दिवसभर ते गॅलरीत बसत. आमच्या गॅलरीतून शेख झायेद रोड दिसतो आणि त्याच्या कडेने जाणारी मेट्रो दिसते. सकाळी आम्ही कामाला निघताना ते मेट्रो बघत असायचे आणि संध्याकाळी परत आलो की मेट्रो बघत असायचे. जेवायला बोलावलं की येत, पानात पडेल ते खात, "छान झालंय" म्हणत. इतका कमी त्रास देणारा पाहुणा मी आजवर पाहिला नाही, आणि त्याचाच बायकोला त्रास होई.

घरात आणखी एक नियम होता. सासूबाईंचा विषय काढायचा नाही. तो बायकोने केला होता आणि मला तो टेबलाखाली समजला. सासरे आले त्या आठवड्यात जेवताना मी सहज म्हणालो, "आईंच्या हातची सोलकढी..." आणि पुढचे शब्द बाहेर पडायच्या आत माझ्या पायाच्या अंगठ्यावर टाच आली. नंतर स्वयंपाकघरात ती म्हणाली, "बाबांना त्रास होतो. जपून बोल जरा." मी जपून बोलू लागलो. आमची मुलगी तशीही इंग्रजीत आणि कमी बोलते, त्यामुळे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"त्यांचा जीव रमेल असं काहीतरी शोध," बायकोने मला फर्मावलं. "तू प्रोक्युअरमेंटमध्ये आहेस ना? मग कर ना सोर्स."

मी केलं. त्यांना मंदिरात नेलं, भजनाला नेलं, पार्कात चालायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींत नेऊन बसवलं. त्या मंडळींत एक गृहस्थ मुलाच्या पगाराचा आकडा आधी दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत सांगत. सासऱ्यांनी त्यांचा गुणाकार एकदा दुरुस्त केला आणि पुन्हा तिथे गेले नाहीत.

मग एका संध्याकाळी आम्ही सगळे बीचवर गेलो होतो. सासरे पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढा समुद्र, आणि गळ टाकून बसलेला एकही माणूस नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, ऑर्डर होती. गाडीत तिने हळूच ती कन्फर्म केली, "बाबांना फिशिंग हवंय. बघितलंस ना?" मलाही ते पटलं. कोकणातला माणूस, वर आयुष्य समुद्रकाठी गेलेलं, त्याला गळ टाकता येत असणारच. पुण्याच्या माणसाला शुद्धलेखन येत असणारच, तसं. त्यांना स्वतःला याबद्दल काही विचारावं, असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही.

मी जबल अलीतल्या एका कंपनीत खरेदी बघतो. आमच्याकडे झाडूसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय येत नाही. लोक मला माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा सासऱ्यांसाठी काठी घ्यायची म्हणजे दुकानात जाऊन काठी घ्यायची, असा सोपा मार्ग माझ्या स्वभावात नव्हता. मी अभ्यासाला बसलो.

अभ्यासासाठी मला एक अमेरिकन गुरू भेटला. दाढीवाला, टोपीवाला, कुठल्याशा तळ्यात होडीत उभा राहून बोलणारा. त्याच्या व्हिडिओंइतके स्वच्छ, सावकाश समजावून सांगणारे व्हिडिओ दुसरे कुणाचेच नव्हते. मी जेवणं झाली की इअरफोन लावून त्याच्यासमोर बसे. तो एकाच माशाबद्दल बोलत असे. त्याचं नाव बास. बास कधी भुकेला असतो, कधी चिडतो, कधी रुसून गवतात शिरतो, हे सगळं मला कळू लागलं. घरातल्या कुठल्याही माणसाच्या स्वभावाचा मी इतका अभ्यास केलेला नाही.

काठी म्हणजे नुसती काठी नसते, हे मला त्याने शिकवलं. ती किती ताकदीची आहे हे एक आणि ती वाकते कुठून हे दुसरं. टोकाशी वाकणारी चपळ, मधून वाकणारी आळशी. मग रील. एक काठीच्या खाली लटकतं, ते शेंबड्या पोरालाही जमतं. दुसरं काठीच्या वर बसतं, त्याची फिरकी आपल्या अंगठ्याने आवरायची असते, आणि ते खऱ्या जाणकाराचं रील. मी आयुष्यात एकदाही गळ न टाकता जाणकारांच्या बाजूला जाऊन बसलो. दोरीचेही प्रकार होते. साधी नायलॉनची, पाण्यात न दिसणारी आणि वेणीसारखी विणलेली. तिघींची मी तुलना केली, ऑफिसात करतो तशीच, गुण देऊन. त्यात मी 'सासऱ्यांची सोय' यालासुद्धा दहा गुण ठेवले होते.

एकदा मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावली. "डॅड, बास इज फ्रेशवॉटर. दे डोन्ट लिव्ह हिअर," ती म्हणाली.

"प्रिन्सिपल सेम असतं," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली आणि निघून गेली. खरं म्हणजे तिचं म्हणणं मला त्या क्षणीच पटलं होतं. पण तोवर माझ्या इतक्या रात्री बासवर खर्च झाल्या होत्या, की तो या समुद्रात नाही एवढ्या क्षुल्लक कारणावरून माघार घेणं मला शक्य नव्हतं.

दुकानात मी सासऱ्यांना घेऊन गेलो. विक्रेता केरळचा होता, हसतमुख. "कौन सा मछली के लिए, साब?" त्याने विचारलं. मी जरा चाचरत म्हणालो, "बास." मला वाटलं तो आता हसेल. पण तो माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ चांगला विक्रेता निघाला. "बास के लिए तो एकदम टॉप पीस है," म्हणत त्याने आतून वर बसणारं रील आणून सासऱ्यांच्या हातात ठेवलं.

सासऱ्यांनी मूठ फिरवली. आतून बारीक टिकटिक झाली. त्यांनी कान जवळ नेला, पुन्हा फिरवली. मला भरून आलं. मग त्यांनी किंमत विचारली. मी दिरहॅममध्ये सांगितली. त्यांनी मनात गुणाकार केला आणि रील अलगद काउंटरवर ठेवलं. "एवढ्यात आमच्या आळीतला कुणी जुनी होडी घेईल," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही किमतीकडे बघू नका," मी म्हणालो. मग मी त्यांना दोऱ्या दाखवल्या. पाण्यात न दिसणाऱ्या दोरीवर प्रकाश कसा वाकतो, म्हणून माशाला ती कशी दिसत नाही, हे समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदाच हात वर करून उत्तर देतोय, तेव्हा शिक्षक ऐकतात तसं.

"आमच्याकडे याला तंगूस म्हणतात," ते म्हणाले. "वाण्याकडे मिळतो."

मी दोन काठ्या, दोन रीलं आणि गुणांत पहिली आलेली दोरी घेतली. शिवाय विक्रेत्याच्या सल्ल्याने एक रबरी बेडूक घेतला. बासला बेडूक फार आवडतो. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाही, हे मला शाळेत शिकवलं असणार, पण त्या दिवशी ते आठवलं नाही.

सामान आलं आणि दोन दिवसांनी दसरा होता. बायकोने हॉलमध्ये पाट मांडला. पाटावर तिचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मिक्सरचं भांडं आणि मधोमध दोन नव्या काठ्या, रीलांसकट. तिने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. रीलांवर जरा सढळ हातानेच टाकल्या, नवीन वस्तू म्हणून. सासऱ्यांनी नमस्कार केला, आम्हाला सोनं दिलं आणि गॅलरीत जाऊन बसले. बायको मला म्हणाली, "आज जरा बरे दिसतायत, नाही?" मला तसं काही दिसलं नव्हतं, पण मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही दोघे निघालो. शनिवारी जाता आलं असतं, पण शनिवारी आमच्याकडे मासा खात नाहीत आणि मला तर मासे मिळण्याची खात्रीच होती. लायसन्स काढलं होतं, थंड पाण्याची पेटी घेतली होती, मासे ठेवायला दुसरी पेटी घेतली होती. जबल अलीच्या पुढे एका ठिकाणी दगडांचा बांध आहे, तिथे गळ टाकायला परवानगी असते. आम्ही पोचलो तेव्हा पाच-सात माणसं आधीच बसली होती. साध्या काठ्या, आमिष म्हणून कोळंबीचे तुकडे. त्यांच्या बादल्यांत मासे होते. मी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

मग मी दाढीवाल्या गुरूचं स्मरण केलं, मनगट मागे नेलं आणि बेडूक फेकला.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रील क्षणभर फिरलं, अडकलं, पुन्हा सुटलं, आणि पाण्यात न दिसणारी ती दोरी भसाभस रीलाबाहेर येऊन शेवयांसारखी माझ्या हातावर जमा झाली. बेडूक माझ्याच पायाशी पडला. शेजारच्या माणसाने तो उचलून मला परत दिला. "भाईजान, मेंढक?" त्याने विचारलं. मी बेडूक खिशात टाकला. तो सभ्य माणूस होता, त्याने तोंड फिरवलं आणि मग त्याचे खांदे हलताना दिसले.

"द्या इकडे," सासरे म्हणाले.

ते दगडावर बसले, रील मांडीवर घेतलं, खिशातून चष्मा काढला. "तुम्ही एवढं वेटोळं बोटांवर धरा. ओढू मात्र नका." मी धरून बसलो. ते एकेक फास सैल करत होते. ऊन वर येत होतं, घाम कानामागून ओघळत होता. मला दोरीचा, रीलाचा, त्या अमेरिकन माणसाचा आणि मुख्य म्हणजे स्वतःचा भयंकर राग आला होता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे उघडतं का?" रीलाची बाजूची झाकणी कशी फिरवून उघडतात, हे मला तोंडपाठ होतं. मी उघडून दिली. त्यांनी रील तळहातावर आपटलं.

आतून तांदळाचा दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला. मागोमाग आणखी दोन पडले.

"म्हणूनच!" मी म्हणालो. बायकोच्या नावाने काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात सासऱ्यांकडे लक्ष गेलं. ते तळहाताकडे बघत होते.

"ही पण असंच करायची," ते म्हणाले.

कोण, हे मी विचारलं नाही.

"फळ्यावर वर्तुळ काढायचा माझा लाकडी कंपास होता. दर दसऱ्याला पाटावर. आणि अशा मूठभर अक्षता. त्याच्या खिट्टीत तांदूळ जाऊन बसायचा. शाळेत नववीच्या वर्गात वर्तुळ काढायला लागलो की कंपास मध्येच अडकायचा. पोरं खिदळायची. मी घरी येऊन हिच्यावर ओरडायचो." त्यांनी तळहातावरचा दाणा बोटाने उलटवला. "तर म्हणायची, वर्तुळ तुम्हाला पुरं करता येत नाही, त्यात माझ्या तांदळाचा काय दोष?"

आणि ते हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. शेजारचा माणूस वळून बघू लागला. जावई होऊन मला सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण हे हसणं मी ऐकलेलं नव्हतं.

मग ते बोलतच राहिले. हातांनी गुंता सोडवत होते आणि बोलत होते. सासूबाई कोळणीशी कशा भांडायच्या आणि भांडून झालं की तिलाच चहा कसा द्यायच्या. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचून मग पहिल्यापासून कशा वाचायच्या. शेवटी दवाखान्यात असतानाही नर्सला तिच्या पोराला शिकवणीसाठी यांच्याकडे पाठवून द्यायला सांगत होत्या. बोटांवरची दोरी कधीच निघाली होती, तरी मी हात तसाच धरून ठेवला होता.

"बाबा," मी शेवटी म्हणालो, "तुम्हाला हे असं... त्रास नाही होत?"

"न बोलण्याचा होतो," ते म्हणाले. "तिकडे कुणीही भेटलं की तिचा विषय निघतो. पोस्टमन काढतो, भाजीवाली काढते. म्हणून मला परत जायचंय. तिथे ती निदान बोलण्यात तरी असते. इथे आल्यापासून तिचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्ही सगळे मला मेट्रो दाखवता."

मला फार वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही. मी म्हणालो, "आम्हाला वाटलं, फिशिंगमध्ये तुमचा जीव रमेल. तुम्ही गावाकडे करत असाल."

"मी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयुष्यात गळ हातात धरला नाही. आम्ही मासे बाजारातून आणायचो."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"तुम्ही इतके रंगला होतात," ते म्हणाले. "तुमचा हिरमोड कशाला करा?"

परत येताना आम्ही एका सुपरमार्केटमध्ये थांबून बांगडे घेतले. ते त्यांनीच निवडले. एकेकाचे कल्ले उघडून बघितले आणि काउंटरवरच्या माणसाला दोनदा बदलायला लावले.

घरी आल्यावर सासरे अंघोळीला गेले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. आधी ती चिडली. "मी त्यांना जपत होते," ती म्हणाली. "वर्षभर जपतेय मी. आणि तू मला सांगतोस की ते त्यामुळे चाललेत?" ती बांगडे धूत राहिली. मग नळ तसाच सोडून ती म्हणाली, "त्यांना नाही रे. मलाच जमत नाही. आईचं नाव काढलं की मलाच रडू फुटतं. मग मी तुम्हाला सांगितलं की त्यांना त्रास होतो." मी नळ बंद केला. एवढंच मला सुचलं.

जेवायला बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट झणझणीत रस्सा होता. चौघे बसलो. सासरे पहिला घास घेऊन सवयीप्रमाणे म्हणाले, "छान झालंय." बायकोने भाताकडे बघत, जरा मोठ्या आवाजात विचारलं, "बाबा, आई तिखल्यात तिरफळं किती घालायची?"

माझा अंगठा आपसूक आक्रसला. सासऱ्यांचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी रश्श्यातून मसाल्याचं एक अख्खं तिरफळ बोटांनी उचलून ताटाच्या कडेला ठेवलं. "किती ते माहीत नाही," ते म्हणाले. "पण ठेचून घालायची. तू अख्खी घातलीस."

"अख्खीच घालायची आई."

"ठेचून."

"बाबा, अख्खी. मी शेजारी उभी असायचे. तुम्ही बाहेर पेपर तपासत बसलेले असायचात."

"जेवायला मीच बसायचो ना? इतकी वर्षं जेवलो मी ते. दाताखाली एकदा आलं नाही तिरफळ."

"कारण ती तुमच्या ताटातली काढून ठेवायची. तुम्हाला माहीतच नाही!"

त्यांचा आवाज चढला होता. तिचाही चढला होता. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघांपैकी कुणीही माघार घेत नव्हतं. मुलीने कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आजी अजून काय काय करायची?" त्यावर दोघे एकदम बोलू लागले आणि पुन्हा भांडले.

जेवण पार चारपर्यंत चाललं. संध्याकाळी सासरे माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"जावईबापू, तो व्हिसा पुढे वाढवता येतो म्हणत होतात ना?"

"येतो की, बाबा."

"मग वाढवा," ते म्हणाले. "हिला काही आठवत नाही धड. तिच्या आईचं सगळं उलटसुलट सांगून ठेवेल त्या पोरीला."